निळ्या पट्ट्यांची पानं

'फोर्थ विंग' मी वाचली ती भाचीच्या प्रतीतून, आणि त्या प्रतीला इतक्या रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या की पुस्तक नीट मिटतच नव्हतं. रेबेका यारोस या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी मे २०२३ मध्ये आली. पाचशेच्या आसपास पानं, ड्रॅगनवर बसून लढणारी विशीतली मुलं आणि त्यातल्या दोघांचं प्रेम. २०२५ च्या जानेवारीत या मालिकेचा तिसरा भाग आला, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याच्या सत्तावीस लाख प्रती खपल्याची बातमी होती. टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद आहे, पण तिकडे गाजलेलं पुस्तक इन्स्टाग्रामच्या रील्समधून इकडे पोहोचायचं राहत नाही. डोंबिवलीत भाचीच्या कॉलेजमध्ये तर ही कादंबरी न वाचलेली मुलगी सापडणं अवघड, असं तिचं म्हणणं.

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ड्रॅगन, परी, जादूगार या वाटेला मी फारशी गेले नव्हते. भाचीने पुस्तक दिलं ते एका सूचनेसकट: "मावशी, गुलाबी पट्ट्या आहेत तिथली पानं तू नाही वाचलीस तरी चालेल." मग अर्थातच मी आधी गुलाबी पट्ट्या कुठून सुरू होतात ते पाहिलं. पुस्तकाचा अर्धा भाग उलटून गेल्यावर. म्हणजे लेखिकेला घाई नव्हती, हे बरं वाटलं.

वाचन सगळं तुकड्यातुकड्यांत झालं. क्लिनिकमध्ये एखाद्याच्या कमरेला आयएफटी, म्हणजे दुखणं कमी करणाऱ्या सौम्य विद्युतप्रवाहाचं यंत्र, लावलं किंवा मानेला ट्रॅक्शन दिलं की दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढी. रात्री जेवणानंतर आणखी थोडं. सुरुवातीला दमछाक झाली. नवार नावाचं राज्य, त्यात बासगायथ हे लष्करी महाविद्यालय, त्याचे चार विभाग: स्वार, लेखनिक, वैद्य आणि पायदळ. स्वारांच्या विभागात पुन्हा विंग, विंगमध्ये सेक्शन, सेक्शनमध्ये स्क्वाड. शिवाय ड्रॅगनचे रंग वेगळे आणि शेपट्यांचे प्रकार वेगळे: कुणाची गदेसारखी, कुणाची विंचवाच्या नांगीसारखी, कुणाची खंजिरासारखी. रुग्णाच्या फाइलमधल्या एका कोऱ्या कागदावर मी तक्ता काढला आणि तोच बुकमार्क म्हणून वापरला. ड्रॅगनची नावं स्कॉटिश गेलिकवरून बेतलेली आहेत. नायकाच्या ड्रॅगनिणीचं नाव मला काही केल्या वाचता येईना, म्हणून मी तिला शेवटपर्यंत 'निळी' म्हणत राहिले.

मला पकडलं ते एका पाठपिशवीने. नायिका व्हायोलेट सॉरेनगेल वीस वर्षांची, चणीने लहान, हाडं आणि सांधे नाजूक. वडिलांच्या मागे लेखनिक व्हायचं म्हणून तिने सगळा अभ्यास केलेला. आई सेनापती. ती ऐनवेळी हुकूम काढते की पोरीने स्वारांच्याच विभागात जायचं. तिथे दाखल होतानाच एका अरुंद दगडी कठड्यावरून खोल दरी ओलांडावी लागते आणि पडला तो मेला. मोठी बहीण मीरा स्वतः स्वार. ती धावत येते आणि आधी व्हायोलेटची पाठपिशवी जमिनीवर रिकामी करते. पुस्तकं बाहेर, जास्तीचे कपडे बाहेर. गुळगुळीत तळव्यांचे बूट काढायला लावून पकड असलेले देते, केस घट्ट वेणीत बांधते, ड्रॅगनच्या खवल्यांची काचोळी अंगात चढवते. दप्तराच्या वजनाबद्दल मी आयांशी रोज घसा कोरडा करते, त्यामुळे मीरा मला त्या क्षणी आवडून गेली. धाडसाची व्याख्यानं न देता ती वजन कमी करते आणि पायाखालची पकड वाढवते. पडणं टाळण्यासाठी करायच्या याच दोन गोष्टी असतात.

कठड्यावर पाऊस असतो. व्हायोलेट भीती आवरायला पाठ केलेला भूगोल आणि इतिहास पुटपुटत चालते. या सोयीने लेखिका वाचकालाही राज्याची माहिती भरवून घेते आणि ते उघडउघड दिसतं. पण चिंतेत असलेल्या माणसाने काहीतरी क्रमाने मोजणं किंवा म्हणणं ही युक्ती खरीच कामाला येते, म्हणून मी ती माहिती निमूट गिळली. त्याआधी रांगेत तिला ऱ्हियानन नावाची मुलगी भेटते, तिचे बूट गुळगुळीत असतात. व्हायोलेट तिच्याशी एक बूट बदलते, म्हणजे दोघींच्या एकेका पायाला तरी पकड राहील. बूट बदलण्याच्या त्या परिच्छेदाला भाचीने निळी पट्टी लावली होती.

निळ्या पट्ट्यांचं गणित मला शंभरेक पानांनंतर लागलं. गुलाबी म्हणजे प्रेम, पिवळी म्हणजे भाचीच्या मते भारी संवाद, काळी म्हणजे कुणीतरी मेलं. काळ्या भरपूर, या महाविद्यालयात रोज सकाळी मेलेल्यांची यादी वाचतात. निळ्या मात्र जिथे जिथे व्हायोलेटचं शरीर दगा देतं किंवा ती त्याची तजवीज करते तिथे. गुडघे बांधून निघणं. खांदा सरकणं. कुणाला कळू न देता दात आवळून सांधा परत जागेवर बसवणं. एका निळ्या पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सेम'.

भाचीचे सांधे जन्मापासून असे. आमच्याकडे सांध्यांचा सैलपणा मोजायला बाइटन स्कोअर असतो, नऊ गुणांचा. करंगळ्या मागे किती वळतात, अंगठे वाकून मनगटापुढच्या हाताला टेकतात का, कोपरं आणि गुडघे उलट्या दिशेने वाकतात का, गुडघे ताठ ठेवून तळहात जमिनीला लागतात का. मोठ्या माणसाला पाच किंवा जास्त गुण मिळाले तर आम्ही पुढची चौकशी करतो. भाचीला सात. लहानपणी अंगठा हाताला टेकवून दाखव म्हटलं की ती पाहुण्यांसमोर टेकवून दाखवायची आणि सगळे टाळ्या वाजवायचे. त्याच लवचिकपणामुळे शाळेत तिला दोरीच्या मल्लखांबासाठी निवडलं, आणि तिथेच आठवीत खांदा पहिल्यांदा निखळला.

यारोस यांना एलर्स-डॅनलॉस सिंड्रोम आहे. त्यांच्या मुलांनाही आहे आणि त्या याबद्दल जाहीरपणे बोलल्या आहेत. शरीरातले ऊतक धरून ठेवणारं कोलॅजन नीट घडत नाही अशा विकारांचा हा गट. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे तेरा प्रकार धरले आहेत. सर्वांत जास्त आढळतो तो अतिलवचिक सांध्यांचा प्रकार, आणि त्याची खात्री करून देणारी जनुक चाचणी आजही नाही. निदान होतं ते तपासून आणि विचारपूस करून, आणि तोवर मुलीने 'नाटकी', 'नाजूक' वगैरे बरंच ऐकलेलं असतं. कादंबरीत या आजाराचं नाव कुठेच घेतलेलं नाही. त्या जगात ते नाव नसणारच. पण ज्या हाताने ते गुडघे बांधलेत तो हात सवयीचा आहे, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या निळ्या पट्टीलाच जाणवलं होतं. लेखिकेबद्दल वाचलं ते नंतर. तिचे आई-वडील दोघंही अमेरिकन लष्करात आणि नवरा लष्करी हेलिकॉप्टरचा वैमानिक होता हेही तेव्हाच कळलं. मग बराकी, हजेऱ्या, हुद्दे, वरिष्ठांनी खेकसणं हे सगळं इतकं ओळखीचं असल्यासारखं का येतं, त्याचा उलगडा झाला.

आता कुस्तीची मॅट. सगळ्यांसमोर एकमेकांशी लढायचं. पहिल्याच लढतीत इमोजन नावाची वरच्या वर्गातली मुलगी व्हायोलेटच्या हाताला जबर इजा करते. पुढे व्हायोलेटला कळतं की लढतींच्या जोड्या आधी ठरतात. त्या कोण ठरवतं आणि कशा, हे शोधून ती प्रतिस्पर्ध्याच्या खाण्यापिण्यात सौम्य विष घालायला लागते. मरणार नाही, पण हात थरथरतील, पोट बिघडेल, डोळ्यांपुढे अंधारी येईल, इतपतच. वनस्पती कोणती, ती कधी वेचायची, किती द्यायची, हे तिला पुस्तकांतून ठाऊक. मला हा भाग फार आवडला आणि त्यावरून भाचीशी पहिलं भांडण झालं. तिला हे लबाडीचं वाटतं. मी म्हटलं, समोरचा तुझ्या दुप्पट वजनाचा आहे आणि मॅटवर मारामाऱ्यांत माणसं मरतायत, तिथे कसली लबाडी! "तू फिजिओथेरपिस्ट आहेस, मावशी," ती म्हणाली, "तू असं बोलायचं नसतं."

त्यानंतर गॉन्टलेट येतं, कड्याच्या अंगाने वर चढत जाणारी अडथळ्यांची शर्यत. शेवटचा उभा चढ उंच आणि धावत चढायचा, जो व्हायोलेटच्या उंचीला आणि वेगाला शक्यच नाही. ती बाजूच्या दोराचा आणि खंजिराचा आधार घेते. मग वाद होतो की हे नियमात बसतं का, आणि ती नियम तोंडपाठ म्हणून दाखवते. दोर हातात आल्यावर काय वाटतं ते भाचीला विचारलं. मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरतात. तिने सांगितलं की तिला दोरीवर खाली डोकं केलेलं कधी भ्यायला झालं नाही. भीती वाटायची ती हात कधी सुटेल याची नाही, सांधा कधी सुटेल याची. हे वाक्य मी माझ्या कागदी तक्त्याच्या मागे लिहून ठेवलं आहे. पाचशे पानांत लेखिकेला इतकं नेमकं एकदाही जमलेलं नाही, असं माझं पक्षपाती मत.

ड्रॅगन माणसाला निवडतात तो दिवस १ ऑक्टोबर, थ्रेशिंगचा. व्हायोलेट एका लहानग्या सोनेरी ड्रॅगनला तिघा मुलांपासून वाचवायला उभी राहते आणि टेर्न नावाचा प्रचंड काळा ड्रॅगन तिला निवडतो. सोनेरी आंदार्नासुद्धा तिलाच. आजवर कुणाला दोन मिळालेले नसतात. टेर्न तिच्याशी मनातल्या मनात बोलतो आणि खडूस आजोबांसारखा सतत करवादतो. पुस्तकातली मला सर्वांत प्रिय व्यक्ती तोच. नायक झेडन रायरसनला भाचीने आणि तिच्या मैत्रिणींनी वाटून घ्यावं, माझी हरकत नाही.

पण टेर्नवर तिला बसताच येत नाही. बाकीचे स्वार खोगिराशिवाय बसतात, मांड्यांच्या पकडीवर. व्हायोलेट पुन्हा पुन्हा घसरते, तो तिला हवेत पकडून परत पाठीवर फेकतो, आणि शेवटी स्वतःच्या शक्तीचे अदृश्य पट्टे बांधून तिला धरून ठेवतो. म्हणजे लढताना त्याची ताकद तिला सांभाळण्यात खर्च होणार. यावर दोन उपाय होतात. एक, त्याच इमोजनला तिच्याकडून वजनं उचलून घ्यायला लावतात, मांड्या आणि खांदे भक्कम होईपर्यंत. दोन, झेडन तिच्यासाठी खोगीर बनवून घेतो.

इथे मी आयएफटीची वेळ संपल्याची शिटी ऐकून न ऐकल्यासारखी केली. सैल सांध्याच्या माणसाला आम्ही नेमकं हेच सांगतो. ताणायचं नाही, ताणायला तिथे आधीच जास्त आहे. सांध्याभोवतीचे स्नायू बळकट करायचे, हळूहळू वजन वाढवत, आणि जिथे स्नायू पुरे पडणार नाहीत तिथे ब्रेस, पट्टा, टेप, जे लागेल ते वापरायचं. लोकांना पहिला उपाय पटतो. दुसऱ्यापाशी सगळे अडतात. पोरगी ब्रेस घालून कॉलेजला गेली की लोक विचारणार, सवय लागेल, लग्नाच्या वेळी अडचण येईल, आणि काय काय. भाचीचा गुडघ्याचा ब्रेस वर्षभर कपाटात पडून होता. खुद्द व्हायोलेटही आधी कुरकुरतेच की बाकीच्यांना लागत नाही आणि मलाच का. आणि त्याच प्रकरणात खोगिरात बसून ती टेर्नबरोबर पहिल्यांदा मोकळी उडते. भाचीने त्या पानाला दोन पट्ट्या लावल्या आहेत, निळी आणि पिवळी. तिचा ब्रेस कपाटातून बाहेर आला तो हे वाचून की मी किती वर्षं कानीकपाळी ओरडतेय म्हणून, हे मी विचारलेलं नाही.

प्रेमाबद्दल थोडक्यात. झेडनचे वडील बंडाचे पुढारी होते आणि ते बंड व्हायोलेटच्या आईने मोडलं. म्हणजे दोघं वैरी. पण टेर्न आणि झेडनची ड्रॅगनीण 'निळी' हे जोडीदार, फार दिवस एकमेकांपासून लांब राहू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या स्वारांनाही राहता येत नाही. दोघांना जबरदस्तीने एकत्र आणायची ही युक्ती चतुर आहे; ड्रॅगनच्या ओढीतला थोडा भाग स्वारांकडेही झिरपतो, तेव्हा आपलं नेमकं किती हा प्रश्न व्हायोलेटला पडतो आणि तो प्रश्न खरा आहे. पण झेडनचा जबडा, झेडनचे दंड, झेडनच्या भुवईवरचा व्रण, पुन्हा जबडा. एखाद्या ठिकाणी मी पेन्सिलने लिहायला गेले होते 'कळलं', मग आठवलं की प्रत माझी नाही. गुलाबी पट्ट्यांची पानं मी वाचली, सगळी. ती मोकळी आहेत, तपशीलवार आहेत आणि मोठ्यांसाठीच आहेत. मुखपृष्ठावर ड्रॅगन पाहून सातवी-आठवीतल्या मुलासाठी घेऊ नये. एका प्रसंगात दोघांच्या जवळिकीत व्हायोलेटची विजेची शक्ती उसळते आणि खोलीतल्या सामानाची वाट लागते. मी मोठ्याने हसले. लेखिकेला ते हसण्यासाठी हवं होतं की नाही, सांगता येत नाही.

तक्रारी आहेतच. सीमेवर युद्ध चालू असलेलं राज्य स्वतःची धडधाकट पोरं पहिल्याच दिवशी दरीत का पडू देतं, याचं उत्तर कुणीच धड देत नाही. ड्रॅगनना दुर्बळ चालत नाहीत म्हणे. भाषा आजच्या अमेरिकन कॉलेजातली आहे, शिव्यांसकट. जॅक बारलो नावाचा खलनायक प्रत्येक वेळी दात विचकत येतो आणि तेवढंच करतो.

जेसिनिया मात्र लक्षात राहिली. ग्रंथालयातली लेखनिक, कर्णबधिर. व्हायोलेट तिच्याशी हातांच्या खुणांनी बोलते आणि त्याबद्दल पुस्तकात कुणी अवाक्षर काढत नाही, कौतुक नाही की दया नाही. दोघी पुस्तकांबद्दल बोलतात, जुन्या कथांच्या एका संग्रहाबद्दल, जो असायला हवा पण कुठे सापडत नाही. इतिहासातून काय वगळलंय याचा शोध तिथून सुरू होतो आणि मला वाटतं कादंबरीचा कणा तो आहे. शेवटची शंभर पानं मी एका रविवारी सलग वाचली. काय होतं ते सांगत नाही. काळ्या पट्ट्यांपैकी एक फार लागली एवढंच.

वाचून झाल्यावर भाचीकडे पुस्तक परत द्यायला गेले. आधी एक धंद्याचा सल्ला दिला: इतकं जाड पुस्तक झोपून, करंगळी आणि अंगठ्यावर तोलून वाचायचं नाही, उशीवर ठेवायचं, किंवा मग ऐकायचं, वीस तासांहून मोठं ध्वनिपुस्तक आहे. तिने मान डोलावली, म्हणजे ऐकणार नाही. मग मी माझी मुख्य तक्रार काढली. व्हायोलेट दुखण्याने जागी राहिलेली फारशी दिसत नाही. असल्या शरीराचा थकवा, दिवसभर उभं राहिल्यावर दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही तो, पानावर येतच नाही. तुटलेलं जोडायला 'मेंडर' नावाची माणसं आहेत, ती हात ठेवून हाड सांधतात आणि दोन पानांनी ती पुन्हा मॅटवर. माझ्याकडे लोक सहा-सहा महिने येतात.

"मावशी," भाची म्हणाली, "घराएवढा ड्रॅगन बोलतो ते तुला चालतं, आणि मेंडर चालत नाही?"

नाही चालत, म्हटलं. मग आम्ही चहा होईपर्यंत त्यावरच भांडलो, आणि निघताना तिने दुसरा भाग पिशवीत टाकून दिला. तो पहिल्याहून जाड आहे.